आधी खुर्ची, मग प्रश्न

सांगली, जुलैअखेर

अनेक आशीर्वाद.

विश्रामबागेत समुपदेशनासाठी खोली घेतलीस, पाटी लावलीस, वाचून बरं वाटलं. पाटीवर 'आघात' हा शब्द नसता तर जास्त बरं झालं असतं, पण असो. आपल्याकडे 'मला आघात झालाय' म्हणत कुणी दार वाजवत नाही. 'झोप लागंना', 'छातीत धडधडतंय', 'पोरगी एकदम गप्प झालीय' असं म्हणत येतात. फार तर सोबतचं माणूस म्हणतं, 'हिनं धसका घेतलाय.' हा शब्द मला फार नेमका वाटतो. भीती आत येऊन बसली आणि अजून उठलेली नाही, हे सगळं त्या 'घेतलाय'मध्ये आलं.

तू विचारलंयस, पहिल्या भेटीत माणसाकडून सगळं काढून कसं घ्यायचं? काढून घ्यायचंच नाही गं.

हे मी कशावरून शिकले ते सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय. ऑगस्ट २०१९. आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली. एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. तिथे भिंतीला टेकून एक बाई बसली होती, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड आणि जमिनीचे कागद. मी समोर बसकण मारली आणि म्हटलं, 'मावशी, मन मोकळं करा, काय काय झालं ते सगळं सांगा.' तिनं सांगितलं. पाणी उंबऱ्यावर आल्यापासून ते गोठ्यातली म्हैस दाव्यालाच राहिली इथपर्यंत. दावं कापायचं राहून गेलं, हे तिनं तीनदा सांगितलं. सांगताना हात पिशवी चुरगाळत होते, आणि मला वाटत होतं, वा, काय छान मोकळी होतेय. दुसऱ्या दिवशी शेजारची म्हणाली, 'ताई, तुम्ही गेल्यापासनं तिनं घास गिळला नाही. रात्रभर दावं दावं करत बसली होती.'

आपत्तीनंतर लगेच, एकाच बैठकीत सगळं वदवून घ्यायची पद्धत एके काळी जगभर चालायची. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की त्याचा फायदा होत नाही, काहींचा त्रास तर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तीही हेच सांगते: आजूबाजूला बघा, ऐका, हवी ती मदत जोडून द्या, बोलायचा आग्रह धरू नका. त्या मावशीला त्या दिवशी कोरडं लुगडं आणि मिरजेतल्या लेकीला एक फोन, एवढंच हवं होतं. मी विचारलंच नाही.

म्हणजे कधीच बोलायचं नाही असं नव्हे. ज्यांचा धसका महिनोन्महिने उतरत नाही, त्यांच्यावर जे उपचार लागू पडतात, त्यांतल्या बहुतेकांत ती आठवण कधीतरी समोर घ्यावीच लागते. पण आधी झोप, जेवण, घरातली सुरक्षितता, आणि घाबरं झालं तर परत जाग्यावर यायची एखादी युक्ती. सांगायचं कधी, किती आणि थांबायचं कुठे, हे तिच्या हातात. तिच्यावर बेतलं तेव्हा तिच्या हातात काहीच नव्हतं. तुझ्या खोलीतही तसंच झालं तर काय उपयोग?

म्हणून आधी खुर्ची. येणाऱ्याला दार दिसलं पाहिजे, आणि दार आणि तो यांच्या मधे तू बसू नकोस. कडी लावणार असशील तर विचारून लाव. 'डोळे मिटा' असं सरसकट सांगू नकोस, काहींना डोळे मिटले की तेच दिसतं. पायाखालची फरशी जाणवतेय का विचार, गार पाण्याचा तांब्या हातात दे. साधं आहे, पण चालतं.

माझे वडील पाटण तालुक्यातले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतर त्यांनी आयुष्यभर दाराजवळच अंथरूण घातलं, चपला उशाशी. आम्ही हसायचो, म्हाताऱ्याची सवय म्हणायचो. हा शिकण्यासारखा विषय आहे हे कळेपर्यंत ते गेलेसुद्धा.

आता कुटुंबं. आपल्याकडे एकटं कुणी येतच नाही. सुनेला विचारावं तर सासू उत्तर देते, मुलाला विचारावं तर बाप. चिडू नकोस. त्यांनाच रिक्षाचं भाडं देऊन आणायला सुचलं, हे विसरू नकोस. पाच मिनिटं सगळ्यांचं ऐक, मग 'मी प्रत्येकाशी थोडं वेगळं बोलते' हे नियम म्हणून सांग. नियम म्हटलं की मानतात.

नवरा-बायको आले तर एकत्र बसवायच्या आधी दोघांना वेगवेगळं भेटच. बायकोला एकटीला सरळ विचार, हात उचलतो का, घरी जायची भीती वाटते का. मारहाण चालू असेल तर जोडीनं समुपदेशन करायचं नाही. इथे ती खरं बोलली तर त्याची किंमत घरी गेल्यावर मोजते. आधी तिची सुरक्षितता, आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकारी असतात, ही माहिती. 'जुळवून घ्या' हे शब्द तुझ्या तोंडून गेले तर मला कळवू नकोस.

गुप्ततेचं पहिल्याच भेटीत बोल, तिच्या मर्यादेसकट. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागतं. हे आधी सांगितलं नाहीस तर नंतर तो विश्वासघात वाटतो. आणि सांगली केवढीशी! मंडईत भाजी घेताना भेटतीलच. त्यांनी ओळख दाखवली तर हस, नाहीतर वांगी निवडत राहा. रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानसचा, म्हणजे मानसिक मदतीच्या सरकारी फोनसेवेचा, १४४१६ हा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लाव. तू चोवीस तास पुरणार नाहीस, पुरायचा प्रयत्नही करू नकोस. औषध लागेल असं वाटलं तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला उशीर करू नकोस, त्यात कमीपणा नाही.

कोयना धरणातून पाणी सोडायच्या बातम्या सुरू झाल्यात. आता पुढचे पंधरा-वीस दिवस तुझ्याकडे झोप न लागणारी माणसं वाढतील. त्यातली निम्मी मोबाईलवर आयर्विनचे फूट बघत बसलेली असतील. शनिवारी दुपारी ये, नावं न घेता बोलू. आणि तुझ्या खोलीवर पत्रा आहे म्हणालीस ना? पाऊस लागला की त्याचा आवाज किती होतो, ते आधी एकटी बसून ऐक.

तुझी ताई