वाचक विचारतात : पलंगाखालची सॅक

प्रश्न : ताई, माझी मुलगी नववीत आहे, आम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत राहतो. दिवाळीपासनं तिला हंगर गेम्सचं वेड लागलंय, तिन्ही भाग दोनदा वाचून झाले, आता मैत्रिणीकडनं तसलीच आणखी आणते. मी एक भाग उघडून बघितला तर त्यात बारा-बारा वर्षांची पोरं एकमेकांना मारतायत आणि लोक ते टीव्हीवर बघतायत. परवा खोली आवरताना तिच्या पलंगाखाली एक सॅक सापडली. आत टॉर्च, दोरी, शिट्टी, बिस्किटाचे पुडे, पाण्याची बाटली आणि माझ्या बीपीच्या गोळ्यांची एक स्ट्रिप. विचारलं तर म्हणाली, असू दे गं. हे पुस्तकांमुळं डोक्यात शिरलंय का? वाचन बंद करू का?
— एक आई

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दरवेळी त्या बीपीच्या गोळ्यांपाशी अडले. ज्या पोरीला मारामारीचा नाद लागलाय ती आईच्या गोळ्या भरून ठेवत नाही हो.

आधी जरा हिशोब करूया. आज नववीत म्हणजे 2019 च्या ऑगस्टमध्ये, महापूर आला तेव्हा, ती सात-आठ वर्षांची असणार, आणि तुम्ही शाहूपुरीतल्या, म्हणजे तुम्हाला मी काय सांगायचं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 म्हणजे धोका, हे आकडे आपल्या पोरांना पाढ्यासारखे पाठ असतात, त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, चारी बाजूला पाणीच पाणी आणि नळाला मात्र थेंब नाही, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. दोन वर्षांनी 2021 च्या जुलैत परत तेच. त्या दिवसांत आपण मोठी माणसं काय करत होतो तर तासातासाला मोबाईलवर पातळी बघत होतो, राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले ते एकमेकांना विचारत होतो आणि पोरांना सांगत होतो, काही होत नाही, झोपा. ती झोपली नसणार. मला वाटतं ती सॅक तेव्हापासनं तिच्या डोक्यात आहे, पुस्तकानं फक्त ती भरायची कशी ते दाखवलं.

आता पुस्तकाविषयी, कारण तुम्ही एकच भाग उघडलाय आणि नेमका मारामारीचा दिसला. सुझान कॉलिन्स यांच्या या मालिकेतलं पहिलं पुस्तक 2008 चं. रात्री चॅनल बदलत बसल्या असताना एका चॅनलवर रिअॅलिटी शो आणि दुसऱ्यावर इराकच्या युद्धाची दृश्यं, आणि थकलेल्या डोळ्यांना दोन्ही एकमेकांत मिसळल्यासारखी वाटायला लागली, त्यातनं गोष्ट सुचली असं त्यांनी सांगितलंय. त्यांचे वडील हवाई दलात होते, त्या लहान असताना व्हिएतनामला गेलेले. म्हणजे लढाईवर गेलेल्या बापाची घरी वाट बघितलेल्या मुलीनं हे लिहिलंय, मजेसाठी रक्त सांडणारं पुस्तक ते नाही.

आणि त्यातली जी गोष्ट पोरांना खरी चावते ती चिठ्ठ्यांची, त्या जीवघेण्या खेळाच्या रिंगणात कुणाला पाठवायचं ते ठरवणाऱ्या. 12 ते 18 वयाच्या प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी भांड्यात पडते, पहिल्या वर्षी एक, मग दरवर्षी एक वाढत जाते. पण घरात खायला नसेल तर जास्तीची चिठ्ठी टाकून एका माणसापुरतं वर्षभराचं थोडंसं धान्य आणि तेल मिळतं. गोष्टीतली मुख्य पोरगी कॅटनिस, तिचा बाप कोळशाच्या खाणीत मेलेला, म्हणून ती बाराव्या वर्षापासनं स्वतःसाठी, आईसाठी आणि धाकट्या बहिणीसाठी असं धान्य घेते, म्हणजे वर्षाला चार चिठ्ठ्या, सोळाव्या वर्षी वीस. तिच्या मित्राच्या घरात खाणारी तोंडं जास्त, त्याच्या 42. आणि ज्या घरात पोटभर आहे तिथल्या सोळा वर्षांच्या पोराच्या पाचच. नियम सगळ्यांना सारखा, चिठ्ठी काढणारा हातही प्रामाणिक, तरी मरायची पाळी कुणाच्या घरावर जास्त येणार ते आधीच ठरलेलं. चौदा वर्षांच्या पोराला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. अमक्याला क्लासची फी परवडते, तमक्याला नाही आणि पेपर मात्र दोघांना एकच, हे ती रोज बघत असतात पण त्याला नाव देता येत नाही. पुस्तक नाव देतं. म्हणून ती चिकटतात.

मी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना घेऊन वाचायला बसते, त्यात हे पुस्तक दोनदा झालं. कोण कसं मेलं याच्यावर पोरं फार वेळ थांबलीच नाहीत. ती थांबली पाण्यावर. रिंगणात कॅटनिस तहानेनं मरायला टेकते, मग तळं सापडतं, आणि तरी ती लगेच पीत नाही, आयोडीनचे थेंब टाकून वाट बघत बसते, त्या पानावर आमची सगळी खोली गप्प. मग मी विचारलं, तुम्हाला घर सोडावं लागलं तर काय न्याल? कुणी मोबाईल, कुणी आजीची औषधं, आणि नदीकाठच्या प्रयाग चिखलीकडचा एक पोरगा म्हणाला, आधी म्हशीचं दावं कोण सोडणार ते ठरवा. त्याच्या घरच्यांनी जनावरांसाठी बोटीत बसायला नकार दिलेला, त्यानं ते बघितलेलं. त्या पुरावर तो पोरगा मोठ्या माणसांपुढं पहिल्यांदाच इतकं बोलला असेल आणि बोलला तो एका परक्या देशातल्या पोरीच्या निमित्तानं.

तेव्हा बंद करू नका. तिच्यासोबत बसून ती सॅक उघडा, रागानं नको. टॉर्चचे सेल बघा, बिस्किटं बदला, तुमच्या गोळ्यांची तारीख बघा, रेशनकार्ड-आधारच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि पाणी चढलं तर उंचावरच्या कुठल्या नातेवाइकांकडं जायचं, आजीला कोण धरणार, हे तिच्यासमोर ठरवा. आजवर हे तिनं एकटीनं ठरवलंय. एक सांगून ठेवते, तिला त्याबद्दल टोकू नका पण तुम्हाला माहीत असू दे, ज्या बहिणीसाठी सगळं सुरू होतं ती तिसऱ्या भागात मरते, आणि कॅटनिस शेवटीसुद्धा वाईट स्वप्नांतनं सुटत नाही. मला तिन्हींत तोच भाग सगळ्यात खरा वाटतो. मुलीनं तो दोनदा वाचलाय, तर त्याबद्दल तिच्याकडनं ऐका. आणि पाऊस लागला की ती झोपतच नसेल, जेवत नसेल, तर मात्र पुस्तकांचा विषय बाजूला ठेवून समुपदेशकाकडं न्या, त्यात लाजायचं काही नाही.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. आमच्या पिढीला फास्टर फेणेची धाडसं पुरत होती. आताच्या मुलांना उद्ध्वस्त जग आणि मुलांचे बळी हेच का लागतं? ही बाहेरून आलेली विकृती नाही का?

उत्तर : सर, फास्टर फेणे माझाही जीव की प्राण, पण बळीची गोष्ट बाहेरून आलेली नाही. कॉलिन्स यांनी ग्रीक पुराणातल्या थीसियसची कथा मनात धरलेली, अथेन्सची सात मुलं आणि सात मुली क्रीटच्या राक्षसाला पाठवायची ती. आपण तीच गोष्ट बकासुराची म्हणून आजीकडनं ऐकलीय. एकचक्रा नगरीत रोज एका घराची पाळी, गाडाभर अन्न आणि एक माणूस. आपल्या लक्षात राहतो तो भीम, पण महाभारतात त्याच्या आधी त्या ब्राह्मणाच्या घरातला एक प्रसंग आहे. पाळी आलेली, बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी, मुलगी म्हणते मला पाठवा, सगळे रडतायत, आणि त्यांचं बोबडं बोलणारं पोरगं गवताची एक काडी उचलून म्हणतं, हिनं मी त्या राक्षसाला मारतो. सगळे त्या दुःखातसुद्धा हसतात, आणि नेमकी तेव्हा कुंती पुढं येते.

सर, मला वाटतं आताची पोरं त्या काडीवाल्या पोराची गोष्ट मागतायत. भीम येईल यावर त्यांचा भरवसा कमी आहे, आणि त्याला कारण आहे, नदीपात्रातली बांधकामं, वाढतं तापमान, कोरोनात दोन वर्षं बंद शाळा, हे सगळं मोठ्यांच्या हातनं झालेलं किंवा मोठ्यांना न आवरलेलं त्यांनी बघितलंय. फास्टर फेणे संकटातनं सुटून घरी यायचा तेव्हा घर जागेवर असायचं. यांना विचारायचंय की घरच जागेवर नसेल तर काय, आणि तशा जगातसुद्धा माणूस म्हणून वागता येतं का. यात मला विकृती दिसत नाही, उलट लई मोठा प्रश्न दिसतो आणि तो तेराव्या वर्षी पडतोय याचं वाईट वाटतं.

प्रश्न : मी अकरावीत आहे. हंगर गेम्स, डायव्हर्जंट, मेझ रनर सगळं संपलं. मराठीत असं काही आहे का?

उत्तर : अगदी तसंच, सोळा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर सगळं जग असलेलं, मराठीत फार कमी आहे आणि ही उणीव मला खरंच टोचते. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मलेले, त्यांची धूमकेतू ही कथा वाच, पृथ्वीवर धूमकेतू आदळणार म्हणून एकीकडं शास्त्रज्ञांची धडपड आणि दुसरीकडं घरात यज्ञ. पण तिथं जग वाचवतात मोठी माणसं. तुला हवंय ते विल्यम गोल्डिंगच्या लॉर्ड ऑफ द फ्लाइजमध्ये सापडेल, 1954 ची कादंबरी, मराठीत जी. ए. कुलकर्णींनी आणलीय. बेटावर नुसती मुलं, मोठं माणूस एक नाही, आणि ज्याच्या हातात शंख त्यानंच बोलायचं असा त्यांनीच केलेला नियम. तू वाचलेल्या पुस्तकांत वाईट सरकार बाहेर असतं, इथं सरकारच नाही आणि तरी सगळं बिघडत जातं. लेखक स्वतः शाळामास्तर होता आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढून आलेला, पोरं आणि युद्ध दोन्ही त्यानं जवळनं बघितलेली.

करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघ, 1850 पासनंचं ग्रंथालय आहे. घाई करू नको, जीएंची भाषा सावकाश वाचायची आहे. आणि शंख फुटतो त्या पानापर्यंत पोचलास की तुला काय वाटलं ते मला लिही, कारण मला ते पान अजून पचलेलं नाही.