जर्मनीत एमएस्सी: फी नाही म्हणजे किती नाही?

नाशिकहून एकीने विचारलंय: मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी झालं, ७० टक्के आहेत, जर्मनीच्या सरकारी विद्यापीठात बायोमेडिकलला जायचंय. शिक्षण फुकट असतं का, आणि पुढे नोकरीचं काय? मी सांगलीची. ग्योटिंगेनला एमएस्सी केलं, आता इथेच पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आहे.

अगं, फी नाही हे खरं, पण सरसकट नाही. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य २०१७ पासून युरोपबाहेरच्यांकडून सेमेस्टरला १५०० युरो घेतं, आणि हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, ट्युबिंगेन ही आपल्या विषयातली मोठी नावं नेमकी तिथलीच. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली. इथे ग्योटिंगेनला दर सेमेस्टरला काही शे युरो अंशदान भरलं की झालं. तरी हायडेलबर्गला फीपायी काट मारू नकोस. कर्करोग संशोधन केंद्र आणि एम्बल (युरोपची रेण्वीय जीवशास्त्राची प्रयोगशाळा) दोन्ही त्याच गावात आहेत. चार सेमेस्टरचे ६००० युरो त्या शेजारासाठी मी दिले असते.

खरा खर्च राहण्याचा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. पैसे आपलेच, पण महिन्याला ९९२ च हातात येतात. त्याआधी एपीएसचं प्रमाणपत्र, म्हणजे मार्कशीटची पडताळणी. २०२२ च्या नोव्हेंबरपासून ते सक्तीचं आहे, ते काम आधी उरक.

तुझे ७० टक्के इथे २.५ होतात (१ उत्तम, ४ म्हणजे काठावर पास, पासिंग ४० धरलंय). बऱ्याच ठिकाणी साधारण याच आकड्याला चाळणी लागते. म्हणून अर्जातला बाकीचा भाग भक्कम हवा, आणि आपली पोरं मार खातात ती इथेच.

आपल्याकडे चौघांत एक पिपेट, निरीक्षणं मागच्या वर्षीच्या जर्नलमधून, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सह्या. मीही त्यातलीच. इथे पहिल्याच महिन्यात मला पेशी वाढवायला दिल्या आणि तिसऱ्या दिवशी फ्लास्क गढूळ! मायक्रोबायोलॉजीची पदवी घेऊन आलेली मुलगी, आणि पेशींऐवजी जंतूच वाढवून ठेवले. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या बाईंनी एका शब्दाने विचारलं नाही, नवा फ्लास्क हातात दिला. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तू निघण्याआधी सहा महिने तरी पुण्यात एनसीसीएस, आयसर, एनसीएल या संशोधन संस्थांपैकी कुठे प्रोजेक्ट मिळतो का बघ. अर्जाच्या पत्रात ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड’ लिहू नकोस. स्वतःच्या हाताने काय केलं आणि काय बिघडलं ते लिही.

कार्यक्रम निवडताना रँकिंगपेक्षा लॅब रोटेशन, म्हणजे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत काही आठवडे काम, किती आहेत ते बघ. थीसिस जिथे होतो, तिथूनच पुढची दारं उघडतात. परीक्षेबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही: एका पेपरला सहसा तीनच संधी. तिसऱ्यांदा नापास झालीस तर तोच अभ्यासक्रम सहसा जर्मनीत इतरत्रही शिकता येत नाही.

नोकरी. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम चालतं. हॉटेलात प्लेटा धुण्यापेक्षा विद्यापीठातलं ‘हिवी’चं, म्हणजे विद्यार्थी सहाय्यकाचं, काम धर, पैसे कमी मिळाले तरी. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पण नुसत्या एमएस्सीवर कंपनीत लागणं अवघड, जर्मन येत नसेल तर फारच. माझ्या बॅचमधले बहुतेक पीएचडीकडे वळले. ती इथे पगारी असते, बहुधा ६५ टक्के करारावर, म्हणजे पूर्ण पगाराच्या ६५ टक्क्यांवर. म्हणजे दोन नाही, सहा वर्षांचा हिशेब बाबांपुढे ठेव. शिकवणी इंग्रजीत असली तरी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनातून निदान जर्मनची ए-टू ही पातळी करून ये. घरमालकाशी तू इंग्रजीत भांडू शकणार नाहीस.

तुझ्या मार्कशीटवर बायोकेमिस्ट्री आणि जेनेटिक्सला किती क्रेडिट आहेत ते कळव. अर्ज कुठे टिकेल ते त्यावरच ठरतं.