ख्रिस्ती माणसाने नम्र राहावं की स्वतःचं काम ठासून सांगावं?

तुम्ही विचारलंय: "घणसोलीला राहतो, महापेला नोकरी. अप्रेझलच्या फॉर्मवर स्वतःबद्दल चांगलं लिहायला हात धजत नाही. लहानपणापासून ‘नम्र राहा’ हेच ऐकत आलोय. लिहिलं तर गर्व केल्यासारखं वाटतं, नाही लिहिलं तर मागे पडतो. श्रद्धा सांभाळून आत्मविश्वास कसा ठेवायचा, दोन्हींचा तोल कसा साधायचा?"

मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. सिस्टर आहे, पण कॉन्व्हेंटातली नव्हे, वॉर्डातली. माहेर वसईचं, सासर ठाण्याचं, नोकरीही ठाण्यातच, अठरा वर्षं झाली. तुमचा प्रश्न माझ्याकडून एकदा एका पेशंटच्या जिवावर बेतला होता, म्हणून लिहितेय.

नोकरीला दोन-तीन वर्षं झाली असतील. ॲडमिशनच्या वेळी पेशंटच्या बायकोने पिशवीतून एक जुना कागद काढून माझ्या हातात दिला. एका अँटिबायोटिकने त्यांच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, त्याचं नाव त्यावर होतं. संध्याकाळच्या राउंडला डॉक्टरांनी त्याच जातीतलं इंजेक्शन लिहिलं. मी म्हटलं, "सर, त्यांना बहुतेक याची ॲलर्जी..." सर पुढच्या बेडकडे वळले होते. मी वाक्य पुरं केलं नाही. ते शिकलेले, मी कोण सांगणारी, असं मनाशी म्हणत इंजेक्शन दिलं. दहाव्या मिनिटाला गांधी, ओठ सुजलेले, श्वास लागलेला. ॲड्रिनलिन, हायड्रोकॉर्ट, ऑक्सिजन, सगळी धावाधाव. वाचले ते. रात्री इन्चार्ज सिस्टरनी मला एवढंच विचारलं, "कागद तुझ्या हातात होता ना गं? मग ‘बहुतेक’ का म्हणालीस?"

पुढे कन्फेशनला, म्हणजे फादरकडे पापं कबूल करताना, मी हे सांगितलं, तेही कसं, तर "नम्रपणामुळे गप्प राहिले" असं. फादर म्हणाले, "नम्रतेवर कशाला ढकलतेस? घाबरलीस म्हण की."

तेव्हा राग आला होता. नंतर बायबलात मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला तो तिसरा नोकर आठवला. धन्याने एकाला पाच तालांत दिले, दुसऱ्याला दोन, याला एक, आणि याने तो जमिनीत पुरला. का? तो स्वतःच सांगतो, मी भ्यालो. "मी साधा माणूस, मला एवढं कुठलं जमायला" असंही तो म्हणाला असेल, आपण सगळेच म्हणतो. पण एक तालांत म्हणजे चिल्लर नव्हती. साधारण 6000 दिनार, आणि एक दिनार ही मजुराची दिवसाची मजुरी. म्हणजे जवळपास वीस वर्षांची कमाई खड्ड्यात घालून हा पठ्ठ्या हात झटकून मोकळा! धन्याने त्याचं नम्र म्हणून कौतुक केलेलं नाही.

नम्रता म्हणजे काय ते मला खरं कळलं ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी, आणि तेही लाजेने. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, फादर बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी नियमाने ते बारा पुरुषच असायचे. 2016च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी तो नियम बदलला आणि बायकांनाही तिथे बसता येऊ लागलं. त्यानंतर एका वर्षी माझं नाव आलं. तलावपाळीच्या अलीकडे जागा मिळेल तिथे स्कूटर लावून धावत पोचले. दिवसभर उभं राहून पाय सुजलेले, टाचांना भेगा, एका भेगेत औषधाचा जांभळा डाग. फादर गुडघ्यावर बसले, तांब्याने पाणी ओतलं, आणि मी पाय मागे ओढला. अगदी येशूच्या शिष्यासारखा, पेत्रासारखा! "प्रभू, माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस" म्हणणारा तो. ऐकायला किती नम्र वाटतं. पण त्यातही मीच ठरवणार ना, प्रभूने काय करायचं ते?

घरी येऊन योहानाचा तेरावा अध्याय काढला. पाय धुण्याच्या आधी एक ओळ आहे, ती मी इतकी वर्षं घाईत वाचून पुढे जात होते. पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवाकडून आलोय आणि देवाकडे जाणार आहोत, हे येशूला ठाऊक होतं. आणि मग तो जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला. आपण कोण आहोत हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, तोच खाली वाकला. वाकल्याने त्याचं काही कमी होणार नव्हतं. म्हणून मला तुमचा ‘तोल’ हा शब्दच पटत नाही. तराजूच्या एका पारड्यात नम्रता, दुसऱ्यात आत्मविश्वास, एक वर गेलं की दुसरं खाली, असं तिथे काहीच दिसत नाही. दोन्ही त्या एका ‘ठाऊक होतं’मधून आलंय.

आणि पाय धुणारा हाच येशू, त्याच रात्री चौकशीत शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मारतोस का? योहान, अठरावा अध्याय. शिवी नाही, आरडाओरडा नाही, पण ‘बहुतेक’ही नाही.

काही वर्षांनी केस पेपरवर पोटॅशियम क्लोराइडचे दोन ॲम्प्यूल 500 मिलीत घालून एका तासात द्यायचं लिहिलेलं दिसलं. म्हणजे तासाला 40 मिलीइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं आमचं माप); हाताच्या साध्या शिरेतून आम्ही तासाला 10च्या आसपास ठेवतो. जास्त वेगाने गेलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, थांबूही शकतात. मी फोन लावला, "सर, एक तास लिहिलंय, मी लावत नाही, वेळ बदलून द्या." पलीकडे दोन सेकंद शांतता, मग "चार तास कर. थँक यू सिस्टर."

इथे थांबले असते तर गोष्ट छान झाली असती. पण मला त्याची चटक लागली. महिन्याभरात एका ट्रेनी मुलीला नातेवाइकांसमोर झापलं, सलाइनचा रेट चुकवलास म्हणून. चूक माझीच होती, सकाळी बदललेली ऑर्डर मी वाचलीच नव्हती. सगळ्यांदेखत झापलं होतं, माफी मात्र पँट्रीत बोलावून मागितली. ते अजून टोचतं.

आपल्याकडच्या पंडिता रमाबाई बघा. 1878मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. 1883मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण काय मानायचं ते तिथल्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टर सांगू लागल्या तेव्हा पत्रांतून सरळ वाद घातला. आणि हीच बाई केडगावात दुष्काळातल्या मुलींबरोबर राहिली, बायबल साध्या मराठीत यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकली. हिला नम्र म्हणायचं की ठाम?

आता तुमचा फॉर्म. बायबलात प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातला पंधरावा अध्याय उघडा, नववी-दहावी ओळ. मी प्रेषितांमध्ये सगळ्यात लहान. जो काही आहे तो देवाच्या कृपेने. आणि मी त्या सगळ्यांपेक्षा जास्त कष्ट केले. एका दमात तिन्ही! मी तर याला पौलाचा सेल्फ अप्रेझलच म्हणते. तसंच लिहा. काय केलं, किती दिवसांत केलं, कोणाची मदत झाली ते नावानिशी, आणि कुठे फसलं तेही. "टीमवर्कमध्ये हातभार लावला" असलं मोघम नको, ते तुमचं ‘बहुतेक’ आहे. जे तुम्ही केलंय ते "मी केलं" असंच लिहा, त्यात खोटं काही नाही.

आणि फॉर्म शेवटच्या रात्री भरू नका. रात्री बारानंतर माणूस एकतर फार रडका होतो नाहीतर फार शूर. हे बायबलातलं नाही, नाइट ड्युटीतलं आहे.