ब्राउझर निवडताना आधी इंजिन बघा

नावांची यादी बघून गोंधळून जाऊ नका. इंजिन म्हणजे साइट पडद्यावर दाखवणारा ब्राउझरचा आतला भाग. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे आतून क्रोमियम या एकाच मूळ सॉफ्टवेअरवर उभे आहेत. एजनेही २०२० साली तोच रस्ता धरला. त्यामुळे साइट दाखवण्याचं काम सगळ्यांचं जवळपास सारखंच. फरक पडतो तो वरच्या सोयींत, आणि तुमची माहिती कोण किती जमवतं यात. वेगळं इंजिन हवं असेल तर फायरफॉक्स, किंवा अ‍ॅपलच्या उपकरणांवर सफारी.

माझं मत विचाराल तर फायरफॉक्स घ्या आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, टाका. जाहिराती आणि ट्रॅकर (साइटवरून तुमचा माग काढणारे कोड) दोन्ही आटोक्यात येतात. सुरुवातीला एवढं एकच एक्स्टेन्शन पुरे. कारण बरीच एक्स्टेन्शन्स तुम्ही उघडलेली पानं वाचायची परवानगी मागतात.

इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी विंडो, मात्र नीट समजून घ्या. विंडो बंद केली की हिस्टरी आणि कुकीज (साइटनी ठेवलेल्या छोट्या नोंदी) तुमच्या कॉम्प्युटरवरून जातात, पण तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला किंवा ऑफिसच्या नेटवर्कला दिसू शकतं. डाउनलोड केलेल्या फाइलीही तशाच राहतात.

जुना ब्राउझर लगेच काढू नका. बुकमार्क इम्पोर्ट करून आठवडाभर दोन्ही वापरून बघा.