सिल्डेनाफिल की टाडालाफिल?

तुम्ही लिहिलंय, वय ४८, ताठरता टिकत नाही, तर सिल्डेनाफिल आणि टाडालाफिल यांतली जास्त पॉवरफुल कुठली? मी ५४चा, कोथरूडला राहतो, दोन्ही घेऊन झाल्यात. पॉवरचं सोडा हो, जेवण आणि घड्याळ बघा.

पहिल्यांदा सिल्डेनाफिल ५० मिलिग्रॅमची घेतली ती शनिवारी रात्री, बाहेर मटण थाळी हाणून आल्यावर. बारा वाजले, साडेबारा वाजले, ढिम्म काही नाही. बायको झोपून गेली आणि मी पंख्याकडे बघत पडलो. गोळी बोगस, असं ठरवून टाकलं. डॉक्टरांनी मात्र पहिलंच विचारलं, "जेवून किती वेळाने घेतलीत?" तेलातुपाच्या जेवणावर ती उशिरा आणि कमी लागू पडते. तासभर आधी, हलक्या पोटी घ्यायची. अंमल चारेक तास. पुढच्या खेपेला मुगाची खिचडी खाल्ली आणि त्याच ५०ने काम केलं. अर्थात नुसती गोळी गिळून काही होत नाही, मनात इच्छा असावी लागतेच.

टाडालाफिलचं जेवणाशी वाकडं नाही. असर ३६ तासांपर्यंत राहतो, म्हणजे शनिवारी रात्री घेतली की रविवार मोकळा. (३६ तास ताठ राहत नाही. मलाही आधी तेच वाटलं होतं.) रोज ५ मिलिग्रॅम घ्यायचाही प्रकार आहे, प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना डॉक्टर तो देतात. सिल्डेनाफिलने माझं डोकं दुखायचं, नाक चोंदायचं. काहींना तर निळसर दिसतं म्हणे. टाडालाफिलने कंबर धरते. मी कंबर पत्करली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हृदयासाठी सॉर्बिट्रेट किंवा दुसरं कुठलंही नायट्रेट चालू असेल तर यातली एकही गोळी नाही. बीपी एकदम कोसळून जिवावर बेततं. गोळी घेतल्यावर छातीत दुखलं तर लाज न बाळगता दवाखान्यात आधी गोळी घेतल्याचंच सांगा. टाडालाफिलनंतर निदान ४८ तास नायट्रेट चालत नाही. प्रोस्टेटची, बीपीची औषधं चालू असतील तर तीही सांगा. ताठरता चार तासांवर राहिली तर सरळ कॅज्युअल्टी गाठा.

आणि मेडिकलमधून परस्पर आणू नका. मी तसंच केलं होतं, वर तो म्हणाला, "शंभरची देऊ का?" डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं तर एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ८.१ निघालं. डायबेटिस आहे हे मला त्या दिवशी कळलं. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे बिघाड बऱ्याचदा तिथे आधी दिसतो.

तेव्हा शुगर, बीपी, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) तपासून युरॉलॉजिस्टकडे जा, 'गुप्तरोग' पाटीवाल्याकडे नको. मी गेलो तेव्हा वेटिंगला शेजारी आमच्याच सोसायटीतले एक काका निघाले. दोघांनीही पेपर जरा वर धरला.