हजारावी पौर्णिमा नेमकी कधी?

प्रश्न : माझ्या आईचा जन्म 28 मार्च 1945 चा, पौर्णिमेचा. तिच्या सहस्रचंद्रदर्शनाचा घाट घातला आहे. मोबाइलवर हजार पौर्णिमांच्या 29,530 दिवसांची वर्षं केली तर 80.85 येतात. भाऊ म्हणतो, म्हणजे 80 वर्षं साडेआठ महिने. मामा सरळ 1000 ला 12 नं भागून 83 वर्षं 4 महिने सांगतात. खरं कोणाचं?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, आधी मामांचं बघू. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित जास्त, नेमके 29.53 दिवस जातात. अशा बारा महिन्यांचे 354 दिवस होतात, वर्ष मात्र 365 चं. दरवर्षी मागे पडणारे हे अकरा दिवस साठत जातात आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास येतो. त्याचीही पौर्णिमा असतेच. म्हणून 80 वर्षांत 960 नव्हे, 989 पौर्णिमा होतात. मामांनी अधिक मास सोडले.

भावाचा भागाकार बरोबर आहे, वाचन चुकलं. 0.85 वर्ष म्हणजे साडेआठ महिने नव्हेत. वर्षाचे महिने बारा, तेव्हा 0.85 ला 12 नं गुणायचं. येतात 10.2 महिने. शाळेत गणित शिकवताना माझी सर्वांत जास्त लाल शाई इथेच खर्च व्हायची. अडीच तास 2.5 असे लिहिले की मुलं हटकून 2 तास 50 मिनिटं वाचायची. दशांश दहाचे, घड्याळ साठाचं, वर्ष बाराचं. हे मुलांच्या अंगवळणी पडावं म्हणून मी फार जीव टाकला आहे.

आता आईंची तारीख. त्यांचा जन्मच पौर्णिमेचा, ती पहिली धरायची. मग हजारावीपर्यंत मधली अंतरं 999 च. 999 गुणिले 29.530589, म्हणजे 29,501 दिवस. इथून पुढे दशांशात शिरूच नका, दिवस वजा करत चला. 28 मार्च 2025 ला 80 वर्षं पूर्ण होतात : 80 गुणिले 365 म्हणजे 29,200, त्यात 1948 पासून 2024 पर्यंतच्या वीस लीप वर्षांचे 20 दिवस. (2000 सालही लीपच होतं, 400 नं भाग जातो म्हणून, 1900 नव्हतं.) झाले 29,220. उरले 281. 28 डिसेंबरपर्यंत 275 जातात, वर सहा दिवस : 3 जानेवारी 2026. पंचांग उघडा, त्या दिवशी पौष पौर्णिमा आहे. वय 80 वर्षं 9 महिने 6 दिवस.

घरात कोणी जन्मदिवसाची पौर्णिमा धरायची नाही म्हणालं, तर 1 फेब्रुवारीची माघ पौर्णिमा येते. मी मात्र पहिलीच धरेन. शिवाय 3 जानेवारीला शनिवार आहे, परगावच्या नातेवाइकांनाही रजा न काढता येता येईल.