सोलरच्या बॅटऱ्या जिन्याखाली ठेवाव्यात का?

प्रश्न: अकोल्यात आमचं दुमजली घर आहे. सोलरसाठी 150 एएच (अँपिअर-अवर) क्षमतेच्या चार ट्युब्युलर, म्हणजे शिसे आणि आम्ल असलेल्या, बॅटऱ्या घेतोय. जिन्याखालच्या बंद कपाटात ठेवू की गच्चीवर पत्र्याखाली?

उत्तर: दोन्हीकडे नको. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, बंद कपाटात तो वर साठतो आणि हवेत 4 टक्के झाला की ठिणगीने पेटतो. त्यात जिना म्हणजे तुमची बाहेर पडायची वाट! पत्र्याखाली अकोल्याचा मे महिना बॅटऱ्यांना सोसणार नाही. 25 अंशांपुढे दर 10 अंशांना आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

उत्तरेकडचा, सावलीतला व्हरांडा उत्तम. गॅस सिलिंडर लांब ठेवा. इन्व्हर्टर बॅटऱ्यांच्या डोक्यावर नको, शेजारच्या भिंतीवर लावा. आम्लाच्या वाफेने सर्किट गंजतं. डिस्टिल्ड वॉटर ओतताना हात नीट पोचेल एवढी जागा वर मोकळी सोडा.